नैवेद्याआधीचा शिरा

१५ ऑगस्ट १९९७, शुक्रवार
वेस्ट विंडसर, न्यू जर्सी

आजचा पंधरा ऑगस्ट संपता संपत नाहीये. मुंबईला विमानात बसले तेव्हा पंधरा ऑगस्ट, नेवार्कला उतरले तेव्हाही पंधरा ऑगस्ट, आणि आता खिडकीबाहेर लख्ख ऊन असताना सुजाता म्हणते, संध्याकाळ झाली, जेव आणि झोप. स्वातंत्र्याची पन्नाशी म्हणून दिवस वाढवून मिळाला असावा.

विमानतळावर सुजाता दिसली आणि मी ट्रॉली सोडून ओरडले, "जय भीम, सुजे!" तीन वर्षांनी भेटत होतो. आजूबाजूची दोन-चार देशी तोंडं वळली. सुजाताने मला घट्ट मिठी मारली, पण तोंडातून निघालं "हाय, मैत्री". जय भीमला हाय! धर्मराजकाकांनी हे ऐकलं असतं तर तिला विहाराच्या अंगणात उठाबशा काढायला लावल्या असत्या. काका म्हणजे हिचे बाबा. नागपूरला आमच्या इंदोऱ्यातल्या विहारात दर रविवारी वंदना घेतात, आणि त्या वंदनेत सगळ्यांत खडा आवाज हिचा असायचा. अमेरिकेत माणसाचा आवाज बसतो की काय, कोण जाणे. बोलणंही बदललंय. आमचं ते "करून राहिली", "येऊन राहिली" कुठल्या कुठे गेलं, सगळं कसं पुण्याच्या रेडिओसारखं.

काकांनी हिच्यासाठी बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा एका चौकटीतला फोटो दिलाय. काच फुटू नये म्हणून नागपूरपासून मांडीवर धरून आणला, पाय बधिर झाले. हिने तो हातात घेतला, बराच वेळ बघितला, डोळे पुसले आणि कपाटात स्वेटरांच्या खाली ठेवून दिला. भाड्याच्या घरात खिळा ठोकू देत नसतील.

पण मोठी बातमी पुढेच आहे. सुजाता लग्न करतेय! प्रसन्न नावाचा मुलगा, तिच्याच कंपनीत कॉम्प्युटरवर असतो. सांगलीचा. आडनाव कानिटकर. मी तर टाळ्याच वाजवल्या. भाषणात सगळे आंतरजातीय करतात, प्रत्यक्षात करणारी आमची सुजी निघाली. त्याची आई सांगलीहून आलेली आहे. उद्या त्याच्या बहिणीच्या नव्या घराची पूजा आहे, ती झाल्यावर या काकू सगळ्यांसमोर लग्नाचं बोलणार. "काकांना कळवलंस?" म्हटलं. "कळवणार आहे," म्हणाली. "उद्या नीट पार पडू दे आधी." नखं खात होती. नवरीला भीती वाटणारच.

१६ ऑगस्ट, शनिवार
ट्रेनमध्ये

पोटाला वाटतंय संध्याकाळ, डोळ्यांना वाटतंय मध्यरात्र, आणि बाहेर सकाळ. पहाटेपासून टक्क जागी होते आणि आता निघायच्या वेळी मान खांद्यावर टिकत नाहीये. सुजाता म्हणते आज काही झालं तरी दिवसा झोपायचं नाही, म्हणून न्यूयॉर्क बघायला नेतेय. थेट तिकडूनच पूजेला जायचं.

मेट्रोपार्क स्टेशनवर प्रसन्न आणि त्याचा रूममेट प्रल्हाद चढले. प्रसन्न उंच, शांत, मला आधी बसायला जागा देऊन मग स्वतः बसला. आवडला मला. प्रल्हादच्या गळ्यात कॅमेरा आहे आणि तोंडाला विश्रांती नाही.

त्याच दिवशी, जहाजाच्या धक्क्यावर

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर माझं मला माफ.

आधी न्यूयॉर्क. रस्त्याच्या मधोमध जमिनीतून वाफ येते आणि कुणी ढुंकून बघत नाही. सूटबूटवाला माणूस उभ्याउभ्या स्वतःशी भांडतो, त्याच्याकडेही कुणी बघत नाही. इमारती बघायला मान वर केली की चक्कर येते, खाली घातली की झोप येते. एका भल्यामोठ्या इमारतीच्या गच्चीवर नेलं. सगळं न्यूयॉर्क पायाखाली, आणि मी बाकावर बसले ती ढाराढूर झोपले. उठले तेव्हा अंगावर प्रसन्नचं जॅकेट होतं आणि प्रल्हाद माझ्या उघड्या तोंडाचा फोटो काढत होता. घरी हाच पाठवणार म्हणतोय.

भूक अशी लागली होती की गाडीवरच्या हॉट डॉगचा वास आला आणि माझे पाय आपोआप तिकडे वळले. सुजाताने माझा दंड धरला. "आम्ही दोघी व्हेज," प्रसन्नला म्हणाली. "श्रावण आहे ना."

मी उडालेच. श्रावण! हिच्या डब्यातल्या सुकटीवर आमचं अख्खं होस्टेल जेवायचं! मला वाटलं थट्टा करतेय, मी खो खो हसले. ती हसली नाही. मला एक पीळदार पाव मिळाला, त्यावर खड्यांएवढं मीठ. तेवढ्यावर आहे मी सकाळपासून.

मग पुतळा बघायला जहाजात बसलो. प्रल्हादने विचारलं, "नागपूरला कुठे राहता तुम्ही?" मी तोंड उघडायच्या आत सुजाता म्हणाली, "सिव्हिल लाइन्सच्या जवळ." जवळ म्हणायचं तर मग भंडाराही जवळच. मी तिला कोपराने ढोसलं. तशी तिने मला ओढत कठड्यापाशी नेलं.

"त्यांना माहीत नाही," म्हणाली.

"काय?"

"आपलं."

मला खरंच कळेना. "प्रसन्नला?"

"प्रसन्नलाही नाही. मी खोटं नाही गं बोलले. कुणी विचारलंच नाही. वानखेडे आडनाव कोणाचंही असतं. मागच्या वर्षी पार्टीत प्रल्हादने रिझर्व्हेशनवर जोक सांगितला. सगळे हसले. मीही हसले, मैत्री. त्यानंतर कसं सांगायचं? तेव्हा का हसलीस म्हणून विचारलं असतं त्यांनी."

एवढा मोठा स्वातंत्र्याचा पुतळा समोरून गेला आणि मी त्याच्याकडे बघितलंही नाही. धर्मराजकाकांची मुलगी. चौदा एप्रिलला मिरवणुकीत माइक धरणारी. मी म्हटलं, "तुला लाज नाही वाटत?" ती म्हणाली, "रोज वाटते." मग माझे दोन्ही हात धरले. "आजचा दिवस सांभाळ. लग्न ठरलं की मी स्वतः प्रसन्नला सांगणार आहे. आज तुझ्या तोंडून काही निघालं तर सगळं संपेल."

मी हो म्हटलंय. का म्हटलं माहीत नाही. भयंकर राग आलाय तिचा, आणि ती रडत असताना तिच्या गालावर चिकटलेले केस मीच बाजूला केले. जहाज लागलं. जायचंय पूजेला.

१७ ऑगस्ट, रविवार

काल काय झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर मलाच स्वप्न वाटेल.

शरयूताईचं घर आयसेलिनला आहे. शरयूताई म्हणजे प्रसन्नची बहीण. आम्ही पोचलो तेव्हा ती चौरंगाला केळीची पानं बांधत होती, पाहुणे अजून यायचे होते. सुजाताने "ही मैत्री मेश्राम" म्हणून ओळख करून दिली, तशी ती तोंड भरून हसली. माझा चेहरा बघून म्हणाली, "भूक लागलीय ना तुला? जा, किचनमध्ये बघ काय हवं ते. घरचंच समज."

घरचंच समजले. ओट्यावर भलंमोठं पातेलं, काठोकाठ शिरा. तूप सुटलेलं, केळं, वेलची, वर बेदाणे. मला काही सुचलं नाही. चमचा घेतला आणि उभ्याउभ्या पातेल्यातूनच खाल्ला. पुन्हा घेतला. पुन्हा घेतला. इतका चांगला शिरा मी आजवर खाल्ला नव्हता. आमच्या घरी देव नाही, नैवेद्य नाही, शिरा झाला की आई म्हणते गरम आहे तोवर खा. दुसरा विचार मनात यायला जागाच नव्हती.

"अगं अगं अगं!" मागे काकू उभ्या होत्या. मीनाक्षीकाकू, प्रसन्नची आई. ठेंगण्या, गोऱ्या, नाकात मोत्याची चमकी. "नैवेद्य दाखवायचाय ना अजून! मी चाखलासुद्धा नाही बाई. नैवेद्याचं चाखत नाहीत गं."

माझ्या तोंडात घास, हातात चमचा. धरणी दुभंगावी असं म्हणतात ना, तसं अगदी झालं. आवाज ऐकून सुजाता आली, प्रसन्न आला, दारात प्रल्हाद. पण काकू हसायलाच लागल्या. माझ्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे, असू दे. लांबून आलंय लेकरू, उपाशी. दुसऱ्या बाजूने वाटीभर काढू नैवेद्याला. देवाला काय, जेट लॅग कळत असेल की!" सगळे हसले. मीही हसले. मला त्या बाईंचा मुका घ्यावासा वाटला, खरंच.

मग त्यांनी सहज विचारलं. अगदी सहज. "तुमच्याकडे होत नाही वाटतं सत्यनारायण? मेश्राम म्हणजे तुम्ही कोण गं?"

सुजाताचा चेहरा कागदासारखा झाला. आणि मी, जिने दुपारी तिची लाज काढली होती, ती मी म्हणाले, "होतो ना काकू. दर श्रावणात होतो. आम्ही धरमपेठेतले. झोपेत लक्षातच आलं नाही."

किती गुळगुळीत आलं ते! अडखळले नाही, घाबरले नाही. जणू वर्षानुवर्षं पाठ केलं होतं. इंदोऱ्याचं घर, विहार, बाबा, सगळं एका वाक्यात पुसलं, आणि तोंडात अजून शिऱ्याची गोडी होती. न्यूयॉर्कमध्ये काही बघून बसला नाही एवढा धक्का मला माझ्याच आवाजाचा बसला.

सुजाता माझ्याकडे बघत होती. आणि अचानक तिचा तो रेडिओचा आवाज गेला.

"काहून खोटं बोलून राहिली तू?" ती म्हणाली. "माझ्यासाठी? तू बी माझ्यावानी होऊन राहिली का?"

मग काकूंकडे वळली. "काकू, आम्ही दोघी इंदोऱ्याच्या. बौद्ध आहोत. हिच्या घरी सत्यनारायण होत नाही, माझ्याही घरी होत नाही. प्रसन्न, मी हे तुला आधीच सांगायला हवं होतं. ते नाही सांगितलं, त्याची माफी मागते. जे आहोत त्याची मागत नाही."

प्रसन्न फ्रिजचं दार उघडून उभा होता, पाण्याची बाटली काढायला आलेला. ते दार तसंच उघडं राहिलं.

काकू म्हणाल्या, "अगं, मग त्यात काय एवढं? आम्ही नाही बाई असलं काही मानत." आणखी एकदा म्हणाल्या, "काही मानत नाही." माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, सुटलो! इतकं सोपं होतं तर तीन वर्षं कशाला कुढली ही? मग काकूंनी पदर खोचला, वरच्या फळीवरून रव्याचा डबा काढला, दुसरी कढई चढवली आणि रवा भाजायला घेतला. पाहुणे बरेच येणार असतील.

मी सुजाताला म्हणणार होते की बघ, काही झालं नाही. पण ती त्या कढईकडे बघत होती. मग म्हणाली, "चल." पूजेला थांबलोच नाही आम्ही. प्रल्हादने गाडीतून घरी सोडलं. तोच प्रल्हाद, पण अर्ध्या तासात एक शब्द नाही. उतरताना म्हणाला, "सुजाता, तो मागच्या वर्षीचा जोक... सॉरी यार." ती म्हणाली, "तू सांगितलास, मी हसले." आणि दार लावलं.

मी आल्याआल्या कपड्यांसकट झोपले. इतकी शरम वाटत असतानाही झोप लागते, ही एक नवीनच गोष्ट कळली.

१८ ऑगस्ट, सोमवार

सुजाता कामावर गेली नाही. प्रसन्नचा फोन आला. तिने ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली, ठेवला. तो म्हणतो तुमचा गैरसमज झाला, आईच्या मनात काही नाही, शिरा उष्टा झाला होता म्हणून तिने पुन्हा केला, एवढंच.

मी म्हटलं, "मला तर वाटलं पाहुण्यांना पुरणार नाही म्हणून केला."

सुजाता माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी शाळेत पहिल्याच इयत्तेत नापास झालेय. "पातेलं काठोकाठ भरलं होतं, मैत्री. तूच सांगितलंस. आणि उष्टा झाला तेव्हा काकू काय म्हणाल्या?"

दुसऱ्या बाजूने काढू म्हणाल्या. हसल्या. पाठीवरून हात फिरवला. म्हणजे माझा चमचा त्यांना चालला होता. मग मी धरमपेठेतली झाले, तेव्हाही चालला. त्यानंतर सुजाता बोलली. मधे दुसरं काहीच झालं नाही.

गावाकडच्या आजीने सांगितलेल्या असल्या गोष्टी मी ऐकल्यात. पण त्यातली माणसं वाईट असायची, शिव्या द्यायची, लगेच ओळखू यायची. हसत हसत, पदर खोचून, इतक्या प्रेमळ बाईने माझ्यासमोर केलं, आणि मी पाहुणे मोजत बसले.

सुजाताने कपाटातून काकांचा फोटो काढला आणि जेवणाच्या टेबलावर भिंतीला टेकवून ठेवला. काकांना फोन मात्र केला नाही. काय सांगू, म्हणते.

२३ ऑगस्ट, शनिवार

प्रसन्न आला होता. दाढी वाढलेली. फोटोकडे बघितलं, बसू की नको असं करत बसला. म्हणाला, "मला काही फरक पडत नाही, सुजाता. आधी सांगितलं असतंस तरी पडला नसता."

"एक विचारू?" ती म्हणाली. "पहिल्या शिऱ्याचं काय झालं?"

मला वाटलं तो म्हणेल माहीत नाही, मी बाहेर होतो. मीही तेच म्हटलं असतं. त्याने चेहरा हातात घेतला.

"मी टाकला. आई म्हणाली पातेलं रिकामं कर, आणि मी केलं. पिशवीत भरला आणि बाहेर नेऊन टाकला. तेव्हा काही वाटलंच नाही गं मला. तुम्ही गेलात त्याचं वाईट वाटत होतं, आणि हात पातेलं खरवडत होते. आमच्याकडे आईने सांगितलं की करतो आपण. सोमवारी तुला फोन केला तेव्हासुद्धा मी खरंच मानत होतो की तो उष्टा होता म्हणून टाकला. मग कळलं. कळल्यापासून झोप नाही."

सुजाता उठली आणि स्वयंपाकघरात गेली. रवा भाजल्याचा वास यायला लागला. आम्ही दोघं फोटोसमोर बसून राहिलो. मी विचारलं, "सांगलीला पाऊस झाला का?" हो म्हणाला.

ती कढईच घेऊन आली, टेबलावर ठेवली. मला चमचा दिला. "आधी तू खा. तिथे खाल्लास तसाच."

मी कढईतून घेतलं, खाल्लं, चमचा परत कढईत ठेवला. तिने त्याच चमच्याने त्याच्या वाटीत वाढलं. त्याने खाल्लं. रडत होता आणि खात होता, आणखी मागून घेतलं. मला वाटलं, झालं, मिटलं. शेवटी पोरगा चांगलाच आहे.

सुजाता म्हणाली, "आता घरी जा आणि आईला सांग काय खाल्लंस ते, कुणाच्या चमच्याने खाल्लंस ते. शरयूताईसमोर सांग. सांगून झालं की फोन कर."

"आईला सांगायची काय गरज आहे? तिचं वय झालंय. लग्न आपण करणार आहोत."

"इथे बंद दाराआड कुणीही खाईल, प्रसन्न. मीही तीन वर्षं बंद दाराआड बौद्ध होते."

तो गेला. ती कढई घासत बसली, घासून झाली तरी घासत होती. मी म्हटलं, "फारच कडक झालीस. गमावशील त्याला." ती म्हणाली, "माहीत आहे." मग ओट्याला टेकून जी रडायला लागली, ती माझ्याने थांबवली गेली नाही. इतका आवडतो तर सोडून द्यायचं ना एवढंसं, असं माझ्या मनात आलं. तोंडाने नाही म्हटलं.

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळपासून फोनकडे बघायचं नाही असं ठरवून आम्ही दोघी फोनकडेच बघत होतो. सुजाताने पंचशील म्हटलं, हळू आवाजात. मीही म्हटलं. तिला मधे एके ठिकाणी आठवेना, मी पुढचं सांगितलं.

दुपारी फोन वाजला. तिने उचलला नाही, माझ्याकडे बघितलं. मी उचलला. प्रसन्न नव्हता. मीनाक्षीकाकू होत्या.

"मैत्री का? मी बोलतेय." नुसता श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, आता शिव्या. "प्रसन्नने काल सांगितलं सगळं. शरयूसमोर." मग म्हणाल्या, "त्या दिवशीचा तो पहिला शिरा. मी चाखला नव्हता, आणि नंतर तर... तू एकटीनेच खाल्लास तो. साखर बरोबर झाली होती का गं?"

एवढंच विचारायला आठवड्याने फोन कशाला करायचा, मला समजेना. आवाज त्यांचा नेहमीसारखा नव्हता, सर्दी झाली असावी. पण विचारलं तर खरं सांगायला हवं.

"खूप चांगला झाला होता, काकू," मी म्हटलं. "मी तसा कधी खाल्ला नव्हता."

पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "सुजाता आहे का? देतेस तिला?"

मी रिसीव्हर पुढे केला. तिने हात ओढणीला पुसले, घेतला, कानाला लावला. टेबलावरच्या फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि विहारात म्हणायची तसल्या खड्या आवाजात म्हणाली, "जय भीम, काकू."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. सुजाता रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ऐकत होती.